आत्याची दुधाची वही आणि शार्लट ब्राँटीचं पाखंड

शनिवारकर

जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर खरंच मतं हवी आहेत.

माझी आत्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या अलीकडे एका वाड्यात वरच्या दोन खोल्यांत राहायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. वाडा आता पाडायला निघालाय, त्यामुळे गेल्या महिन्यात खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. भांडीकुंडी दोन तासांत वाटली गेली. पुस्तकांना मात्र चार रविवार लागले. रद्दीवाला दारात तराजू टेकवून बसलेला, "ताई, वह्या पुठ्ठ्यासकट चालतील", आणि मी प्रत्येक वही उघडून बघतेय, असा प्रकार.

आत्या लिहायची. सत्तर-ऐंशीच्या दशकात दिवाळी अंकांमधून तिच्या कथा यायच्या, दोन संग्रहही निघाले. आज तिचं नाव कुणाला आठवणार नाही आणि मी ते सांगणारही नाही, कारण पुढे जे येतंय त्यात अब्रूचा मामला आहे.

वह्यांत एक दुधाची वही निघाली, १९७१ सालची. डाव्या बाजूला तारीख आणि माप, उजवीकडे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत आत्या त्या दिवसांत वाचत असलेल्या कादंबरीबद्दल लिहीत होती. जसंच्या तसं देते:

"ता. ७. १ लि. (पाहुणे). पान ८८. नायिका खिडकीत उभी. ही तिसरी खिडकी."

"ता. ८. अर्धा. पान १२०. चंद्र आला. येणारच होता."

"ता. ११. नासलं, पैसे कापणे. पान १९०. यांच्या बायका भांडी कधी घासतात?"

"ता. १४. अर्धा. संपलं. फार सुंदर लिहितात. बाईला ओळखत नाहीत."

कादंबरीकार आत्याच्या आधीच्या पिढीतले, मोठे, पाठ्यपुस्तकातले. गंमत पुढेच आहे. याच लेखकांच्या सत्कारात आत्या बोलली होती. त्याचं कात्रण तिनेच जपून ठेवलंय. त्यात ती म्हणते की यांचं बोट धरून आम्ही लिहायला शिकलो. कात्रणही १९७१ चंच, वहीनंतर चार महिन्यांचं.

आत्येभाऊ म्हणतो, वही फाडून टाक, आईची शोभा नको. एका छोट्या दिवाळी अंकाचे ओळखीचे संपादक आहेत, ते म्हणतात, द्या इकडे, चार पानं करू, खळबळ होईल.

आता योगायोग बघा. आमचा कोथरूडला सहा-सात जणींचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे आणि पुस्तक. गेले दोन महिने आम्ही शार्लट ब्राँटीची पत्रं वाचतोय, आणि तिनेही एका आधीच्या मोठ्या कादंबरीकर्तीबद्दल खासगीत असंच काही लिहून ठेवलंय. जेन ऑस्टिनबद्दल. १८४७ च्या ऑक्टोबरात शार्लटची 'जेन एअर' आली, गाजली. जॉर्ज हेन्री लुइस या समीक्षकाने 'फ्रेझर्स मॅगझीन'मध्ये तिचं कौतुक केलं. त्याच लेखात त्याने ऑस्टिनला डोक्यावर घेतलं होतं, आणि वर पत्र लिहून शार्लटला सल्ला दिला की बाई, ते नाट्यमय प्रकार जरा आवरा. तोवर तिने ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचलीच नव्हती. मुद्दाम मिळवून वाचली आणि १२ जानेवारी १८४८ ला उत्तर धाडलं. मी माझ्या शब्दांत सांगते: मला काय मिळालं, तर एका सामान्य चेहऱ्याचा हुबेहूब फोटो. नीट कुंपण घातलेली, वाफे आखलेली, नाजूक फुलांची बाग. मोकळं रान नाही, ताजी हवा नाही, निळा डोंगर नाही, ओढा नाही. त्या सभ्य स्त्री-पुरुषांच्या देखण्या पण कोंदट घरांत मला काही राहवणार नाही.

आत्याची खिडकी आणि हिची कोंदट घरं एकाच आठवड्यात वाचली, म्हणून हा धागा.

प्रश्न: वहीचं काय करू?

पेठेतला_पाहुणा

आधी नाव सांगा, मग बोलू. खिडकी, चंद्र, भांडी न घासणाऱ्या बायका... माझ्या डोळ्यांसमोर तिघं उभे राहिले.

शनिवारकर

नाव मिळणार नाही. त्यांचे भक्त इथे पुष्कळ आहेत, मला याच पेठेत राहायचंय.

गुळपोळी

ऑस्टिनबाईंच्या नशिबी हे कायमचंच. मार्क ट्वेनने १८९८ मध्ये एका मित्राला पत्रात लिहिलंय की 'प्राइड अँड प्रेज्युडिस' जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा वाटतं, हिला उकरून काढावं आणि हिच्याच नडगीच्या हाडाने हिची कवटी बडवावी. 😄

जाता जाता, "जेव्हा जेव्हा वाचतो"?? एवढा राग होता तर किती वेळा वाचली म्हणायची!

हिशेबनीस

धागाकर्तीने अर्धंच सांगितलं. ऑस्टिनबद्दलची शार्लटची मतं एका पत्रात नाहीत. आधी लुइसला दोन, १२ आणि १८ जानेवारी १८४८. दुसऱ्यात तिचा मुद्दा असा की काव्य नसेल तर थोर कलावंत कसा होईल? ऑस्टिन शहाणी आहे, वास्तव आहे, 'खरी असण्यापेक्षा वास्तव जास्त' असं कंसात टाकते, पण थोर नाही.

पुढे १२ एप्रिल १८५० ला तिच्या प्रकाशकांकडचे वाचक डब्ल्यू. एस. विल्यम्स यांना तिसरं. ते ऑस्टिनची 'एमा' वाचून. तीन पत्रं, दोन पुस्तकं. सगळं एकाच मुठीत धरू नये.

शनिवारकर

हिशेबनीस, बरोबर. मी मुद्दामच थांबले होते, पहिलीच पोस्ट फार लांबली होती. कट्ट्यावर आमचा अख्खा एक रविवार या दोन तारखांवरच गेला.

जानेवारी १८४८ चं पत्र वाचताना मला हसू येतं. ते चिडलेल्या माणसाचं पत्र आहे. आपलं पुस्तक हातोहात जातंय आणि एक गृहस्थ येऊन सांगतो की फलाण्या बाईंसारखं लिहा, त्यांच्या सौम्य डोळ्यांकडे बघा. याला ती जे उत्तर देते ते अस्सल पुणेरी आहे. म्हणते, पुन्हा कधी पुस्तक लिहिलंच तर तुम्ही ज्याला मेलोड्रामा म्हणता ते अजिबात आणणार नाही असं वाटतं. वाटतं, पण खात्री नाही. आणि मिस ऑस्टिनच्या सौम्य डोळ्यांतून जो उपदेश पाझरतो, की अधिक घोटून, अधिक आवरून लिहा, तोही पाळायचा प्रयत्न करीन म्हणते. पण त्याचीही खात्री नाही. म्हणजे "बरं बरं, बघू हं" असं म्हणून दार लावून घेणं.

तेव्हा हॉवर्थ गावातल्या शार्लटच्या घरात भाऊ होता, दोन्ही बहिणी होत्या. तिघी बहिणी रात्री जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या घालत आपापली पानं एकमेकींना वाचून दाखवायच्या.

मग सप्टेंबर १८४८ ला भाऊ ब्रॅनवेल गेला. डिसेंबरात एमिली. पुढच्या मे महिन्यात अ‍ॅन, तीही घरापासून लांब स्कार्बरोला, आणि तिला तिथेच पुरावं लागलं. आठ महिन्यांत तिघं. उरली शार्लट आणि म्हातारे वडील.

त्यानंतरच्या वसंतात, चौतिशीला नऊ दिवस कमी असताना, ती 'एमा' वाचते आणि विल्यम्सना लिहिते. हे पत्र चिडकं नाही. त्यात कौतुकही आहे, कुलीन इंग्रजांच्या आयुष्याचा पृष्ठभाग ऑस्टिन फार बारकाईने रंगवते असं ती मान्य करते. पण मग म्हणते (पुन्हा माझे शब्द): या बाईला विकार ठाऊकच नाहीत. जे नीट बघतं, नेमकं बोलतं, लवचीक चालतं, त्याचा ती अभ्यास करते. पण जे आत दडून धडधडतं, ज्यातून रक्त धावतं, जे जीवनाचं न दिसणारं आसन आणि मृत्यूचं जाणतं लक्ष्य आहे, त्याच्याकडे ती बघत नाही.

मृत्यूचं जाणतं लक्ष्य! आमच्यातल्या एकीने हे वाक्य वाचलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. तीन माणसं पोचवून आलेली बाई आहे ही. घरात संध्याकाळी घड्याळाशिवाय आवाज नाही. आणि हातात पुस्तक कुठलं, तर जुळवाजुळवी करणारी एमा आणि वाऱ्याला भिणारे तिचे वडील. तिला ते पुस्तक पुरलं नाही, यात ऑस्टिनचा दोष किती आणि त्या एप्रिलचा किती?

शेवटी लिहिते, हे पाखंड असेल तर माझा नाइलाज आहे.

निमूट

भावना पोचल्या. शेवटच्या दोन परिच्छेदांना +१.

कर्वेरोडवरून

शोक समजू शकतो, पण मत चुकलंय ते चुकलंयच. माझं वैयक्तिक मत, शार्लटला ऑस्टिन वाचताच आली नाही. कुंपण दिसलं की ही डोंगर शोधते. अहो, कुंपणाच्या आत काय चाललंय ते बघा ना! 'प्राइड'मध्ये पाच मुली, वारसाहक्काने घर दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, बाप लायब्ररीत दडी मारून बसलेला, आई लग्न लग्न करून डोकं उठवतेय. हे चहापानाचे खेळ नाहीत, बाप मेला तर उद्या राहायचं कुठे हा प्रश्न आहे. त्यातली शार्लट ल्यूकस कॉलिन्सला हो म्हणते ते पान वाचा. सत्तावीस वर्षांची मुलगी डोळे उघडे ठेवून एका मूर्खाशी लग्न करते, कारण दुसरं काही येणार नाही हे तिला माहीत आहे. मला तर ते पान 'जेन एअर'मधल्या आगीपेक्षा भयंकर वाटतं. तिथे निदान छप्पर तरी पडतं.

आणि विकार ठाऊक नाहीत म्हणे. या पत्रांत ऑस्टिनच्याच 'पर्सुएशन'चं नाव नाही. आठ वर्षं एक नकार पोटात घेऊन जगणारी अ‍ॅन एलियट, आणि शेवटी खोलीत माणसं बोलत असताना त्याच खोलीत बसून तिला पत्र लिहिणारा वेंटवर्थ. आहे की धडधड. फक्त दार लावून.

जुनी_पानं

कर्वेरोडवरून यांना अनुमोदन, आणि तुमचं "दार लावून" फार आवडलं.

अवांतर: ती तारीख वाचून मी थबकलो. १८४८. त्याच साली आपल्याकडे बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली. पुणे नगर वाचन मंदिरही त्याच सालचं. तिकडे एक बाई दुसऱ्या बाईच्या कादंबरीला नावं ठेवतेय, इकडे बाईने अक्षर गिरवायचं की नाही यावरून शेणगोळे. मराठीत कादंबरी रुजायलाच अजून अवकाश होता, आणि रुजली तेव्हा आपल्या लोकांनी उचलला कोण, तर इंग्लंडातला सनसनाटी कादंबऱ्यांचा लेखक रेनॉल्ड्स. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच 'मिस्टरीज'वरून बेतलेली. माझ्या आजोबांच्या कपाटात रेनॉल्ड्स होता. ऑस्टिन नव्हती, ब्राँटी नव्हती. रेनॉल्ड्स मात्र तीन खंड, वाळवीसकट.

हिशेबनीस

अवांतर चांगलं आहे, पण धागा वहीचा आहे.

सुपारीकातर

मला वहीचं बोलायचंय.

खासगी मत छापावं का, हा प्रश्न शार्लटच्या घरातही आला होता. तिचं लग्न १८५४ मध्ये आर्थर निकल्सशी झालं. हा पाद्री माणूस, बायकोच्या मैत्रिणीला, एलन नसीला, जाणारी पत्रं बघून हादरला. त्याचं म्हणणं, असली पत्रं ठेवूच नयेत, ती आगकाडीइतकी धोकादायक असतात. एलनने जाळून टाकीन असं वचन द्यावं, नाहीतर पुढची पत्रं आपण तपासणार. शार्लट हे सगळं एलनलाच गमतीत कळवते. एलनने अटी घालून वचन दिलं आणि पत्रं जपून ठेवली. १८५५ ला शार्लट गेली, १८५७ ला कादंबरीकार गॅस्केलबाईंनी तिचं चरित्र लिहिलं ते या पत्रांच्या जिवावर.

उलट जेन ऑस्टिनची बहीण कॅसांड्रा. तिने जेनची बरीचशी पत्रं स्वतः जाळली, उरलेल्यांतूनही काही मजकूर कात्रीने कापला. आज जेमतेम १६० शिल्लक आहेत. त्यामुळे झालंय काय, की शार्लट आपल्याला तापट, तिखट, एकटी, सगळी दिसते, आणि जेन दिसते सौम्य डोळ्यांची! तो सौम्यपणा किती जेनचा आणि किती कॅसांड्राच्या शेगडीचा, सांगा बरं.

म्हणून आत्येभावाला सांगा, फाडू नको. फाडलीस तर तुझी आई फक्त सत्कारात बोलणारी बाई म्हणून उरेल.

पेठेतला_पाहुणा

वा! पण मग हेही बोला की सत्कारात बोट धरायचं आणि दुधाच्या वहीत बोटं मोडायची, याला साध्या मराठीत दुटप्पीपणा म्हणतात. शार्लटने निदान समीक्षकाला तोंडावर लिहिलं. नाइलाज म्हणाली. आत्याबाईंनी गवळ्याला सांगितलं.

शनिवारकर

पाहुणे, हे लागलं. पण विचारलंत ते बरं केलंत.

तो सत्कार मला अंधुक आठवतो, मी सहा-सात वर्षांची असेन. आत्याने गुलबक्षी काठाची साडी नेसली होती आणि व्यासपीठावर ती एकटी बाई होती. तिला बोलायला पाच मिनिटं दिली होती, ती आभाराच्या आधीची. बाकी सगळे अर्धा अर्धा तास. त्या पाच मिनिटांत तिने काय सांगायला हवं होतं? तुमच्या बायका भांडी कधी घासतात?

आणि एक. ज्या वर्षी ती हे बोलली त्या वर्षीच्या तिच्या कथा मी आता काढून वाचल्या. एका कथेत नायिका पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत भांडी घासते. शब्दशः. सासू बाहेरच्या खोलीतून बोलतेय, नवरा परत आलाय, त्याची बदली झालीय, आणि ही राखेने कढई घासतेय. कढईचा तळ दिसायला लागतो तिथे कथा संपते. मला वाटतं तिने त्यांना उत्तर दिलं होतं. व्यासपीठावरून नाही दिलं इतकंच.

गुळपोळी

ती कथा टाका ना इथे! नाव खोडून टाका.

शेवटचा_बाक

मी विरुद्ध बाजूने बोलतो. दहा वर्षं एका प्रकाशनाचं मुद्रितशोधन केलंय, लेखकांच्या खासगी मतांचा मला थोडा कंटाळा आहे. पिण्याच्या पाण्यासारखी वाहतात ती. त्यातली नव्वद टक्के मतं आधीचा लेखक आपल्या वाटेत बसलाय म्हणून असतात. उठला की मत संपतं.

म्हणून मला शार्लटपेक्षा स्कॉट आवडतो. वॉल्टर स्कॉट, 'वेव्हर्ली'वाला, त्या काळी युरोपभर गाजत होता. १४ मार्च १८२६ ला त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहिलंय की 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुन्हा वाचली, निदान तिसऱ्यांदा. ढोलताशांचं काम मी कुणाइतकंही करू शकतो, पण साध्यासुध्या गोष्टी आणि माणसं ज्या नाजूक हाताने ही बाई वाचनीय करते तो हात मला दिलेला नाही. (ढोलताशे माझे, तो भुंकण्याचा शब्द वापरतो.) लिहिताना ऑस्टिन जाऊन जवळजवळ नऊ वर्षं झालेली, म्हणजे खूश करायला कुणी नाही, आणि वही स्वतःची. याला म्हणतात खासगी मत.

लुइसने शार्लटला हेच म्हटलं होतं की वेव्हर्लीपेक्षा मला 'प्राइड' लिहायला आवडली असती, आणि ती म्हणाली, तुम्ही असं का म्हणालात मला कळत नाही. खुद्द वेव्हर्लीच्या बापाने ते बावीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं!

कर्वेरोडवरून

आणि जेनचं स्कॉटबद्दलचं खासगी मत? १८१४ मध्ये भाचीला लिहिलेलं. स्कॉटला कादंबऱ्या लिहायचं कारणच काय, त्यातून चांगल्या. हा अन्याय आहे. कवी म्हणून कीर्ती आणि पैसा मिळतोय ना, मग दुसऱ्यांच्या तोंडचा घास कशाला काढतो? तो मला आवडत नाही, आणि शक्य असेल तर 'वेव्हर्ली'ही आवडून घ्यायची नाही असं ठरवलंय, पण आवडेल अशी भीती वाटते.

कॅसांड्राच्या शेगडीतून वाचलेलं पत्र. सौम्य डोळे म्हणे!

निमूट

🤣🤣 "आवडेल अशी भीती वाटते" हे मी आता सगळीकडे वापरणार.

हिशेबनीस

एक पुरवणी, मग झोपतो. शार्लटने शेवटी शेवटी एक कादंबरी सुरू केली होती, दोनच प्रकरणं झाली. ती गेल्यावर १८६० मध्ये 'कॉर्नहिल मॅगझीन'ने छापली. कोणत्या नावाने? 'एमा'.

शेवटचा_बाक

नावापलीकडे काही संबंध नाही हो. उगाच लोकांना कामाला लावू नका.

हिशेबनीस

संबंध आहे असं मी कुठे म्हटलं? नाव सांगितलं.

जुनी_पानं

धागाकर्ती गायब. वही रद्दीत गेली की काय?

शनिवारकर (चार दिवसांनी)

नाही गेली. धागा वर काढतेय, कारण घडलंय.

आधी निकाल. संपादकांना नाही म्हणून कळवलं. त्यांना खळबळ हवी होती, त्यांनी पहिल्या फोनवर विचारलेला पहिला प्रश्न "लेखक कोण?" हा होता. आत्याच्या अक्षराबद्दल, दुधाच्या मापाबद्दल, कशाबद्दल काही नाही. आत्येभाऊ सुपारीकातर यांची पोस्ट वाचून गप्प झाला (मी त्याला लिंक पाठवली होती, माफ करा). मग म्हणाला, तुझ्याकडेच ठेव, मला दाखवू नकोस.

मग काल रात्री बाकीच्या दुधाच्या वह्या काढून बसले. त्या मी रद्दीवाल्याला देऊन टाकणार होते, कारण उघडल्यावर नुसती मापं दिसली होती. अर्धा, अर्धा, पाऊण, अर्धा. एक लिटर म्हणजे पाहुणे किंवा सण. १९७९ पासून रोज पाव लिटर, कारण त्या साली काका गेले. आत्याच्या संसाराचा आलेख म्हणून पुस्तकात छापावा असा.

पण १९८३ च्या वहीत सप्टेंबर महिन्यात उजवीकडची जागा पुन्हा भरलेली आहे. पुस्तक तेच! मी पान क्रमांक लावून पाहिले, आत्याची प्रत माझ्याकडे आहे. आणि त्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तीन तारखा आहेत: १९५८, १९७१, १९८३. म्हणजे पहिल्यांदा तिने ती कॉलेजात वाचली असणार.

गुळपोळी, तुमचं ट्वेनचं "जेव्हा जेव्हा" मला काल रात्री दोन वाजता आठवलं.

१९८३ च्या नोंदी थोड्या आहेत. खिडकी, चंद्र यांवर शेरा नाही. एका ठिकाणी नुसतं "पान १२०. चंद्र." आणि पुढे काही नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. "बाईला ओळखत नाहीत" हे ती मागे घेते का म्हणून मी घाईघाईने शेवटाकडे गेले. घेत नाही. त्याबद्दल अवाक्षर नाही.

पेठेतला_पाहुणा

मग शेवटी काय लिहिलंय? ताणू नका हो. (आणि दुटप्पी म्हणालो ते मागे. १९५८, १९७१, १९८३ असं तीनदा वाचणाऱ्याने सत्कारात काहीही बोलावं.)

शनिवारकर

शेवटची नोंद ही:

"ता. १९. दूध आलं नाही. काळा चहा. पान ३१२, संपलं. पहिली चाळीस पानं चांगलीच आहेत. आई मेल्यावर तो मुलगा तिच्या पेटीतले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवतो ते मला आजही लिहिता येणार नाही. हे त्या वेळी लिहायचं राहिलं."

आणि खाली, हिशेबाच्या रकान्यात: "पाव लि. वजा."

पेठेतला_पाहुणा

पेटीतले कपडे. आता कळलं कोण.

नाही सांगत.